घंगाळातला हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवरा होता तोवर त्याला नाही, लेकीला नाही. देवापुढं उभी राहिले तरी हे सोडून बाकीचं बोलले — गाय नीट विऊ दे, लेकीला बरं असू दे — आणि घरी आले. आमच्या वस्तीपासून शिर्डी काही फार लांब नाही. रांगेत उभी असताना ठरवायचे, आज बोलायचं. पुढं गेले की मागचे ढकलायचे, आणि मला बरंच वाटायचं — सुटले.

माझी शाळा चौथीपर्यंत. लिहायला वेळ लागतो. एक ओळ लिहिते, उठते, गाईला वैरण टाकते, परत येऊन बसते. मधे कुणी आलं तर कागदावर ताट पालथं घालते. या वयात चोरासारखं बसायची पाळी — असू दे. चोरच आहे.

आधी एक सांगते. मी वाईट बाई आहे असं मला वाटत नाही. तुम्ही माझ्यात वाईट बाई शोधाल आणि सापडली की हुश्श कराल. ती नाही सापडणार. मी साधी बाई आहे. शेण काढते, भाकरी करते, कुणाचं घेतलं तर परत देते. साध्या बाईनं केलं — म्हणून तर मला त्याची भीती वाटते.

तर, माझा उजवा हात.

मनगटाच्या जरा वर एक रेघ आहे. बांगड्या असल्या की दिसत नाही. रेघेच्या खालची कातडी फिकट आणि गुळगुळीत, वरची नेहमीची. या हाताचं आमच्या घरात कौतुक आहे. पाहुणे आले की दत्ता सांगतो. दत्ता म्हणजे माझ्या थोरल्या जावेचा मुलगा. म्हणतो, "आमच्या काकीनं आईसाठी कढत पाण्यात हात घातला. बघा, अजून वण हाय." पाहुणे हाताकडं बघतात. मी चहा पीत असते. दत्ता, गप बस — एवढं मी कधी म्हटलं नाही.

त्याच्या बोलण्यात एक शब्द खोटा नाही. हात मी घातलाच होता. कधी घातला आणि कशाला घातला, हे दोघींना ठाऊक होतं. त्यातली एक गेली.

थोरल्या जावेला आम्ही सगळे आक्का म्हणायचो. आमची वस्ती उसात. देवळाली प्रवरेकडून आलं की पाटाच्या कडेनं आत यायचं. ऊस डोक्याच्या वर गेला की घरातून रस्ता दिसत नाही, नुसता ट्रॅक्टरचा आवाज येतो. त्या घरात मी लग्न होऊन आले तेव्हा आक्का आधीपासून होती, आणि घर तिचं होतं. ती शाळेत गेली नव्हती. मी चौथी पास. हे तिला कधी पचलं नाही.

"ए शाळंची बाई," ती म्हणायची, "मीठ वाचून टाकतीस का बघून?"

गडी-माणसं हसायची. मीही हसायचे. कारण ती बोलायची मजेशीर, खोटं कशाला सांगू? तिच्या तोंडाला धार होती. पण रोज तीच धार आणि रोज तेच बोट, असं किती वर्षं चालतं? तिनं मला मारलं नाही. उपाशी ठेवलं नाही. माझं लेकरू आजारी पडलं तर रात्र रात्र मांडीवर घेऊन बसली. मोठं काही कारण असतं तर आज मला पाठ टेकायला भिंत असती. तशी भिंत नाही. नुसती टोचणी होती.

तिला साखर निघाली. तालुक्याच्या डॉक्टरनं गोळी दिली. गोळी चालू, चहाही चालू, तोही गोड.

मग एके दिवशी ती गोठ्यातून घराकडं आली, आणि तिच्या एकाच पायात चप्पल. दुसरी मागं चिखलात रुतलेली. ती तशीच, एक पाय चपलेत आणि एक उघडा, तरातरा चालत ओट्यापर्यंत आली. मला हसू आलं. म्हटलं, "आक्का, एक चप्पल कुणाला दिली?" तिनं खाली बघितलं.

मी तिचं तोंड बघितलं आणि माझं हसू गेलं. आक्का घाबरली होती. पायातून चप्पल गेली हे तिला डोळ्यांनी बघावं तेव्हा कळलं होतं.

"चिखूल किती झालाय," ती म्हणाली. "जा, घिऊन ये."

पुढं बाभळीचा काटा झाला. ती फरशीवरून इकडून तिकडं फिरत होती आणि मागं रक्ताचे ठिपके. टाचेत काटा, निम्मा आत. लंगडणं नाही, हाय नाही. मी दाखवला तर म्हणाली, "व्हय, मगाधरनं सलतोय." सलत नव्हता. सलला असता तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं.

तिनं हे का लपवलं, ते मला ठाऊक होतं. आमच्या सासूचे पाय गेले तेव्हा आक्कानंच तिची खाट पडवीच्या टोकाला, गोठ्याच्या अंगाला लावली होती. त्याच दिवशी कोठीच्या किल्ल्या आपल्या कमरेला खोचल्या. सासू पाण्याला हाका मारायची. आक्का "आले वं" म्हणायची आणि यायची नाही. ज्याचे पाय जातात त्याची खाट कुठं जाते, हे आमच्या घरात तिच्याइतकं कुणाला कळत होतं?

पायांना मुंग्या येतात, रात्री आग होते, एवढं मात्र ती सांगायची. कुणीतरी तिला निरगुडीचा पाला सांगितला. पाला उकळायचा, मीठ टाकायचं, त्या पाण्यात दिवस मावळताना पाय सोडून बसायचं. पाणी तापवायचं काम माझं. पितळेचं जुनं घंगाळ होतं, अंघोळीच्या पाण्याचं, दोन बाजूंना कड्या. ते भरून मी ओट्यावर आणून ठेवायचे. मग ती म्हणायची —

"हात घाल."

रोज. आधी माझा हात, मग तिचे पाय. मी हात घालायचे. जास्त तापलेलं असलं तर हात आपोआप मागं यायचा, आणि ती म्हणायची, "वत गार." हात आत राहिला तर ती पाय सोडायची. मला वाटायचं, हा तिचा तोरा. नवी नवरी असल्यापासून चाललेला.

एका संध्याकाळी चूल विझली होती. पाणी तापलंच नव्हतं, हापशाचं होतं तसंच. नुसता पाला टाकून मी घंगाळ आणलं. मनात म्हटलं, गार पाण्यात पाय घातले की हिला कळेल, बोलेल, मग परत तापवू. "हात घाल," ती म्हणाली. मी घातला. पाल्यात एक मुंगळा होता. तो बोटाला असा चावला की मी हात झटकन बाहेर ओढला. तोवर तिनं घाईनं एक पाय पाण्यात टेकवला होता. आणि ती म्हणाली —

"आगं बया, किती कढत! वत, वत गार पानी."

मी तिच्याकडं बघत राहिले. तिचा पाय गार पाण्यात होता.

तेव्हा मला कळलं. पाणी ती पायानं बघतच नव्हती. ती माझ्या हाताकडं बघत होती. तिच्या पायातलं जे मेलं होतं, ते ती माझ्या हातातून उसनं घेत होती. हात मागं आला की तिच्यासाठी पाणी कढत. नाही आला की बेताचं.

मी गार पाण्यात आणखी गार पाणी ओतलं. दत्ताला सांगितलं नाही, डॉक्टरच्या कानावर घातलं नाही. इथंच एक चूक झाली. पण ती कबूल करायला सोपी आहे, म्हणून तिच्यावर थांबत नाही.

थांबायचं पुढं आहे.

त्या दिवशी लेकीच्या सासरची माणसं जेवायला आली होती. कोल्हारची. सकाळपासून मी चुलीपुढं. पुरणपोळी केली, आमटी केली. पंगत बसली. विहीणबाई म्हणाल्या, आमटी छान झाली. आणि आक्का पंगतीपुढं उभी राहून म्हणाली —

"चांगली झाली असंल तर म्या मागं हुते म्हनून. हिला हिच्या मायनं पानी तापवायला बी शिकवलं न्हाई. चौथी शिकवली."

सगळे हसले. माझी लेकही हसली.

एवढंच. तुम्ही म्हणाल, एवढंच? हो. माझी आई मरून तेव्हा बरीच वर्षं झाली होती. ती कुणाच्या पंगतीत कधी आली नाही आणि तिला त्या पंगतीत आणलं. पण हे मी आता लिहिते आहे. तेव्हा एवढा विचारही केला नव्हता. लेक हसली, तेवढं दिसलं.

दिवस मावळायच्या बेतात पाहुणे गेले. दत्ता त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेला. घरात आम्ही दोघी. मी चुलीवर पाणी ठेवलं, पाला टाकला. पाणी उकळ्या घ्यायला लागलं. नेहमी मी ते अर्धं गार पाण्यात ओतायचे. त्या दिवशी गार पाणी घंगाळात घेतलं ते तळ झाकण्यापुरतं.

ओट्यावर आणून ठेवलं. वाफ होती, पण थंडीचे दिवस होते, थंडीत कोमट पाण्यालाही वाफ दिसते. आक्का येऊन बसली. लुगडं घोट्यावर घेतलं.

"हात घाल."

मी हात घातला.

आता हे नीट सांगते. हात घातला तशी पहिल्यांदा ऊन-गार काही कळलंच नाही. दंड आखडला. कोपर मागं गेलं. खांदा वर आला. मी अजून काही ठरवलं नव्हतं आणि हात निघाला होता. आणि मग — मग मी ठरवलं. मी त्याला धरलं. बाहेरून नाही, आतून. दात दातावर दाबले आणि हात तिथंच ठेवला. तोंड भाकरी थापताना असतं तसं ठेवलं. पाण्यात बोटं हलवली, पाला बाजूला करावा तशी.

आक्का माझ्या हाताकडं बघत होती. नेहमीसारखी.

मग तिनं एक पाय सोडला. मग दुसरा. घोट्याच्या वर पाणी आलं.

"आज बेस केलंस पानी, सुमे," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत तिनं मला चांगलं म्हटलेलं, ते हे.

मी हात काढला आणि पदराखाली घेतला. ती भिंतीला टेकली. दुपारच्या बोलण्याचं तिला वाटत असावं काहीतरी, कारण ती माझीच जुनी गोष्ट सांगायला लागली — मी नवी नवरी असताना पहिली भाकरी केली, ती तव्याला अशी चिकटली की सासऱ्यांनी तवाच ताटात घेतला आणि खरवडून खाल्ला, आणि वर म्हणाले, सून चांगली हाय, भांडं बी संगं वाढती. ती हे फार छान सांगायची. सासऱ्यांचा आवाज काढायची. मी जिथं हसायचं तिथं हसले. गोष्ट पूर्ण होऊ दिली.

तोवर बोलता आलं नसतं? आलं असतं. "आक्का, पाय काढा" — तीन शब्द. घंगाळाला मी नुसता पाय लावला असता तरी लवंडलं असतं. मला तिला फक्त उघडं पाडायचं होतं, असं मी पुढं कितीक वर्षं स्वतःला सांगितलं. तिला काही कळत नाही हे एकदा दिसू दे, मग तीही खाटेवर बसेल, मग बोलणं बंद होईल. असेलही तसं. पण उघडं पाडायला बघणारं कुणी लागतं. ओट्यावर आम्ही दोघीच होतो. मग मी कुणाला दाखवत होते?

गोष्ट संपली आणि तिनं हसत हसत पाय वर घेतले.

पाय लाल होते. लाल म्हणजे — मोजे घातल्यासारखे. पाणी जिथवर होतं तिथवर, सरळ रेघेत. एका टाचेवरची कातडी सुटून लोंबत होती. तिनं पायांकडं बघितलं. परक्याचे पाय बघावेत तसं. मग वर बघून माझा पदर बाजूला केला आणि माझा हात उचलून बघितला. तोही तसाच. मनगटाच्या वर रेघ.

तिनं तो हात सोडला नाही. मग म्हणाली, "तुजा बी हात भाजला की गं."

दत्ता परत आला तेव्हा तिनंच सांगितलं. म्हणाली, "माजीच घाई. सुमी पानी बघायच्या आदीच म्या पाय घातले. तिनं हात घालून वढून काडले बिचारीनं." मी उभी होते. तिनं मला झाकलं, की स्वतःचे मेलेले पाय झाकले? मला आजही सांगता येत नाही. दत्तानं माझ्या हाताला हळद लावली आणि त्याचे डोळे भरले. तिथून ही गोष्ट सुरू झाली, आणि मी ती सुरू होऊ दिली.

फोड आले. गावच्या मलमानं बरे होईनात. नगरला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई होती. तिनं आक्काचे डोळे मिटायला लावले आणि तळपायाला जाड दोऱ्यासारखं काहीतरी टेकवलं. "लागतंय का? आता? आता?" आक्का हुशार. अंदाजानं व्हय-न्हाई म्हणत होती. डॉक्टरीण दोरा न टेकवताच विचारायची, आणि आक्का म्हणायची, "व्हय, लागतंय की." बघवत नव्हतं. मग गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली. माणसाचा पाय उडतो. तिचा लोंबत राहिला.

दत्तानं विचारलं, असं कसं? भाजलं तर माणूस पाय काढतंच की. डॉक्टरीणबाईनं समजावून सांगितलं, आणि मला ते त्याच दिवशी समजलं, कारण ते आमच्या पाण्यासारखंच होतं. अंगातल्या नसांना पेशी असतात आणि एकेका पेशीचा धागा पायाच्या बोटापासून पाठीच्या कण्यापर्यंत लांब. भाजलं की त्या धाग्यातून खबर कण्यात येते. कणा डोक्याला विचारत बसत नाही. उसात दारं धरणारा गडी असतो ना — सरी भरली की तो फावडं मारून पाणी दुसरीकडं वळवतो, वस्तीवर येऊन मालकाला विचारत नाही. तसा कणा परस्पर हुकूम सोडतो आणि पाय मागं येतो. डोक्याला खबर नंतर लागते. दुखलं हे आपल्याला कळतं तोवर पाय निघून आलेला असतो.

आणि साखरेनं हे धागे खराब होतात. सगळ्यात लांब असतात ते आधी, म्हणून पाय आधी जातात. पाटाच्या शेवटच्या वावराला पाणी पोचत नाही ते आम्हाला कुणी शिकवायला नको.

मग ती माझ्याकडं वळली. "मावशी, पाणी तुम्ही हात घालून बघितलं नव्हतं?"

मी म्हटलं, "न्हाई. इसरले."

एवढ्या छोट्या चुकीमागं एवढी मोठी गोष्ट बसली. डॉक्टरीण म्हणाली, मनाला लावून घेऊ नका. मग तिनं माझा हात बघायला घेतला. उलटा केला, सुलटा केला. मनगटाच्या वरच्या रेघेवरून तिनं बोट फिरवलं आणि तिथं ते थांबलं. घाईनं हात घालून काढला तर अशी सरळ रेघ येते का? मला काय माहीत. तिला माहीत असावं. तिनं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं बघितलं. मग नर्सनं दुसऱ्या पेशंटसाठी हाक मारली.

जखम चिघळली. आधी बोटं गेली. मग गुडघ्याखालून पाय गेला.

आक्का घरी आली तेव्हा खाट कुठं लावायची असं दत्तानं मला विचारलं. मी पडवीचं टोक दाखवलं. म्हटलं, तिथं वारं लागतं. किल्ल्या तिनंच कमरेच्या काढून माझ्या पुढ्यात टाकल्या.

आणि मग ते सुरू झालं. तिच्या अंघोळीचं पाणी मी घेऊन जायचे. त्याच घंगाळातून. ती म्हणायची, "हात घाल." मी घालायचे. ती हाताकडं बघायची. मी काढायला गेले की म्हणायची, "ऱ्हाऊ दे." पाणी कोमट असायचं, मी तीनतीनदा बघून आणलेलं असायचं, पण ती बघत राहायची, आणि पाणी निवायला लागलं तरी मी हात तसाच ठेवायचे. मग ती म्हणायची, "बरं. काड." रोज. ती होती तोवर रोज.

एक गोष्ट मला डॉक्टरांनी सांगूनही नीट कळली नाही. जो पाय होता तोवर तिला भाजलेलं कळलं नाही, तो कापून नेल्यावर भाजायला लागला. दुपारी मी जरा अंग टाकलेलं असायचं आणि ती ओरडायची, "सुमे, पाय जळतोय, पानी वत!" मी म्हणायचे, आक्का, पाय नाही तिथं. ती म्हणायची, "मला ठाव हाय. वत." दवाखान्यात म्हणाले, असं होतं. धागा तुटला तरी त्याचं वरचं टोक जागं असतं, ते डोक्याला खबर देत राहतं, आणि डोक्याला वाटतं पाय आहे. मग मी तांब्या घेऊन यायचे आणि खाटेच्या मोकळ्या जागेवर पाणी ओतायचे. पाणी सुतळीतून खाली गळायचं. ती डोळे मिटायची. "आता बरं वाटतंय," म्हणायची.

एकदा अंघोळीच्या वेळी माझा हात पाण्यात होता. ती बघत होती. म्हणाली —

"त्या दिशी तुजा हात मागं येत हुता. खांदा हालला हुता तुजा."

मी दुसऱ्या हातानं तांब्या उचलला.

"म्या बगितलं. पन मंग तू हात ठिवलास. म्हनलं, ठिवलाय म्हंजी बरं आसंल. सुमी कशाला आसं करंल?"

तिनं एवढंच म्हटलं. रागानं नाही. चुलीत लाकूड सारावं तसं. मी तेव्हा बोलायला हवं होतं. दोघीच होतो, दिवस होता, माझ्या तोंडाला काही झालं नव्हतं. मी म्हटलं, "पानी गार होतंय, आक्का." आणि तिच्या पाठीवर तांब्या ओतला. त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही.

आता पियूचं. पियू दत्ताची मुलगी, आक्काची नात. फिजिओथेरपी का काय ते शिकते. सुट्टीला आली की माझ्यावर सराव करते. परवा मला बाजेवर बसवलं. "आजी, पाय लोंबता सोड. ढिला सोड गं, कशाला ताठ करतेस?" गुडघ्याखाली हातोडी मारली. पाय असा उडाला की तिच्या हनुवटीला लागता लागता राहिला.

"आई गं! लाथ मारतेस का?" ती हसायला लागली. "तुझ्या नसा एकदम तरण्या आहेत."

मी म्हटलं, म्या न्हाई मारली, आपुआप उडाला. ती म्हणाली, तेच तर. ते आपल्या हातात नसतं. मग तिनं मला तेच सगळं सांगितलं, धागे, कणा, परस्पर हुकूम. मला येत होतं, तरी ऐकलं. आणि शेवटी तिनं एक सांगितलं जे त्या डॉक्टरीणबाईनं सांगितलं नव्हतं.

म्हणाली, डोक्यानं ठरवलं तर तो हुकूम अडवता येतो. "समज, तुझ्या हातात तापलेल्या दुधाचं पातेलं आहे आणि पायाशी लेकरू रांगतंय. हात भाजतोय. तू सोडशील?"

"न्हाई."

"का नाही? हात तर सोडायलाच बघतो. पण मेंदू वरून सांगतो, थांब, खाली लेकरू आहे. माणूस तेवढ्यासाठी थांबवू शकतो." मग तिनं माझा उजवा हात घेतला आणि रेघेवर अंगठा ठेवला. "मोठ्या आजीचे पाय पाण्यातून काढताना तू तेच केलंस. मी आमच्या वर्गात सांगितलं तुझं. मॅडम म्हणाल्या, कार्यक्रमात बोल यावर. मी तुझा फोटोपण दाखवणार आहे, हाताचा. काढू का?"

तिनं मोबाईल काढला. मी हात पुढं धरला. तिनं फोटो काढला.

म्हणून लिहायला बसले. ती आक्काची नात आहे. तिच्या आजीचा पाय कुणी घालवला, हे तिच्या मोबाईलमधे आहे आणि तिला ते दिसत नाही. ती चार लोकांपुढं उभी राहून तो हात दाखवणार आणि लोक टाळ्या वाजवणार. हा कागद मी तिच्या पिशवीत ठेवीन, ती जायच्या आधी. वाचून तिनं काय करायचं ते मी सांगणार नाही. मला काही मागायचं नाही. मागायला तोंड आहे कुठं?

काल भाकरी करताना तव्याला बोट लागलं. हात मागं आला — मला कळायच्या आधी, झटकन, लहान मुलाच्या हातासारखा. त्याला अजून सगळं येतं.

त्या दिवशीही तो मागंच येत होता.